पगार एकीकडे, बाहेरची कामं दुसरीकडे : वर्षाच्या कराचा अंदाज असा काढा

आमच्या घरी दुधाचा हिशेब कालनिर्णयच्या चौकोनांत लिहितात. एक लिटर, दीड लिटर, आज खाडा. त्याच कॅलेंडरवर मी वर्षातल्या चार तारखांना लाल गोल करून ठेवते : १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. या आगाऊ कराच्या, म्हणजे वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी भरायच्या आयकराच्या तारखा आहेत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला त्या माहीतही नव्हत्या, कारण नुसता पगार घेणाऱ्याला त्या माहीत असायची सहसा गरजच पडत नाही.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी करते आणि रात्री जेवणं आटोपली की इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. औषधांची माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, कधी विम्याचे अर्ज. २०२३-२४ मध्ये हे काम पहिल्यांदा नियमित मिळायला लागलं. पगार होता ७,४०,००० रुपये आणि भाषांतराची बिलं झाली २,४०,००० ची. ऑफिसने पगारातून एक रुपयाही टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापला नव्हता. ज्या एजन्सीचं मोठं काम होतं तिने १,५०,००० वर १० टक्के, म्हणजे १५,००० कापले होते. माझी समजूत अशी की पगारावर कर लागत नाही आणि बाहेरच्या कामाचा कर तर कापून झालाय, म्हणजे आता मागे काही उरलं नाही.

जुलैमध्ये रिटर्न भरायला बसले तेव्हा शेवटच्या रकान्यात ३४,६७० रुपये भरा असं आलं. मी दोनदा सगळं पुसून पुन्हा भरलं. आकडा तोच आला. धाकट्याच्या शाळेच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले.

तो आकडा कुठून आला हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही करता येत नाही, म्हणून आधी तेच सांगते.

दुसऱ्या कमाईला शून्याचा टप्पा नसतो

पगारातून ७,४०,००० वजा त्या वर्षीची प्रमाणित वजावट (पगारदाराला पावत्यांशिवाय सरसकट मिळते ती) ५०,००० म्हणजे ६,९०,०००. त्या वर्षी नव्या करप्रणालीत ७ लाखांपर्यंत कलम ८७ए ची पूर्ण सूट होती, म्हणून ऑफिसच्या हिशेबाने कर शून्य. ऑफिसचं काही चुकलेलं नव्हतं. त्यांच्यापुढे माझा फक्त पगार होता.

भाषांतराचे २,४०,००० वजा खर्च ३०,००० म्हणजे २,१०,०००. हे पगारावर चढवले की एकूण उत्पन्न झालं बरोबर ९ लाख. सात लाखांची हद्द ओलांडली गेली आणि आख्खी सूट गेली. आता ३ ते ६ लाखांवर ५ टक्क्यांनी १५,०००, ६ ते ९ लाखांवर १० टक्क्यांनी ३०,०००, वर त्या करावर ४ टक्के उपकर. एकूण ४६,८००. त्यातून एजन्सीने कापलेले १५,००० वजा केले तरी ३१,८०० राहिले. ते वर्षभरात हप्त्यांनी न भरल्याबद्दल २३४बी आणि २३४सी या कलमांखाली व्याज लागलं २,८७४ रुपये.

म्हणजे गोष्ट एवढीच आहे की करमाफीचा टप्पा, प्रमाणित वजावट, ८७ए ची सूट, हे सगळं माणसाला वर्षातून एकदाच मिळतं आणि ते पगाराने आधीच वापरून टाकलेलं असतं. बाहेरच्या कामाचा पहिला रुपया पगाराच्या शेवटच्या रुपयावर जाऊन बसतो. तो वेगळा मोजायचाच नाही. आणि बिल देणाऱ्याने कापलेले १० टक्के हा तुमचा कर नव्हे, ती फक्त त्यातली उचल आहे. तुमचा पगार कुठल्या टप्प्यात आहे हे त्या एजन्सीला माहीत नसतं, तिला कायद्याने सांगितलेला दर ती कापते.

अंदाज कसा मांडायचा

मी एका जाड वहीत डाव्या पानावर अंदाज आणि उजव्या पानावर प्रत्यक्ष लिहिते. एक्सेलमध्येही चालेल. खालचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे माझे स्वतःचे आहेत. हे वर्ष १९६१ च्या आयकर कायद्याखालचं शेवटचं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झालाय आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. इथे दिलेले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक जुन्या कायद्याचे आहेत, पण मांडणीची रीत हीच राहते.

आधी पगार. इथे सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) धरू नका. ऑफर लेटरवरच्या सीटीसीमध्ये मालकाच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी असं बरंच काही असतं जे तुमच्या हातात येत नाही आणि साधारणपणे त्या वर्षी करपात्रही नसतं. पगाराच्या स्लिपवरची एकूण मिळकत घ्या, कपातीच्या आधीची. माझी ७८,००० महिना, म्हणजे ९,३६,०००. दिवाळीचा बोनस २४,००० धरायला विसरू नका. झाले ९,६०,०००. त्यातून प्रमाणित वजावट आता नव्या प्रणालीत ७५,००० आहे. उरले ८,८५,०००.

मग बारीकसारीक. बचत खात्याचं आणि एफडीचं व्याज माझं १६,००० होतं. व्याजावर बँकेने टीडीएस कापला नाही म्हणून ते करपात्र नाही असं होत नाही. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून नफा झाला असेल तर तो वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण त्याचे दर वेगळे असतात आणि त्यातल्या विशेष दराच्या करावर ८७ए ची सूट मिळत नाही.

आता बाहेरचं काम. यात एक चूक जवळजवळ सगळे करतात : बँकेत जमा झालेली रक्कम कमाई म्हणून धरतात. एक लाखाचं बिल असेल आणि खात्यात ९०,००० आले असतील तर उत्पन्न एक लाख आहे. कापलेले १०,००० हा तुमच्या नावाने सरकारकडे गेलेला कर आहे, तो शेवटी वजा होतो. बिलाची रक्कम वेगळी, टीडीएस वेगळा, हातात आलेले वेगळे, असे तीन रकाने सुरुवातीपासून पाडा. जीएसटी नोंदणी असेल तर जीएसटीची रक्कम मात्र यात धरू नका, ती तुमची नाही.

एप्रिल २०२५ मध्ये मी वर्षभराचा अंदाज धरला ३,००,०००. तो कुठून आणला? मागच्या वर्षीची बारा महिन्यांची बिलं समोर घेतली, जे ग्राहक नक्की पुन्हा येणार त्यांची कामं धरली आणि जे एकदाच येऊन गेले ते सोडून दिले.

त्यातून खर्च. प्रूफरीडरला वर्षभरात २६,०००, भाषांतराच्या सॉफ्टवेअरचं वार्षिक शुल्क १८,०००, घरच्या इंटरनेटचा अर्धा भाग ५,०००, शब्दकोश, कुरियर, बँकेचे आकार मिळून ५,०००. एकूण ५४,०००. इंटरनेट अर्धंच का? कारण उरलेल्या अर्ध्यावर मुलं कार्टून बघतात. जो भाग खरोखर कामासाठी वापरला तोच लिहायचा आणि कोणी विचारलं तर सांगता येईल असा आधार ठेवायचा. भोसरीला जायचा पेट्रोलचा खर्च यात येत नाही, तो नोकरीचा आहे आणि नोकरीचं जे काही द्यायचं ते प्रमाणित वजावटीत देऊन झालंय. प्रूफरीडरला मी यूपीआयनेच पैसे पाठवते, कारण एका दिवशी एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च मान्य होत नाही. माझ्यासारख्या कामात उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं की हिशेबवही ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा पावत्या खोक्यात टाकून भागत नाही.

बेरीज करू. ८,८५,००० अधिक १६,००० अधिक २,४६,०००. एकूण ११,४७,०००.

२०२५-२६ चे नव्या प्रणालीचे टप्पे असे आहेत : ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. आणि एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० पर्यंतचा कर ८७ए ने पूर्ण माफ. माझे ११,४७,००० म्हणजे एप्रिलच्या अंदाजाने कर शून्य. १५ जूनला काही भरायचं नाही, १५ सप्टेंबरला नाही, उलट एजन्सी कापणार ते २०,००० परत येणार.

पण हद्द फक्त ५३,००० वर होती. वहीत मी ते लाल पेनाने लिहून ठेवलं होतं.

ऑक्टोबरमध्ये आलेलं काम

ऑक्टोबरमध्ये सलाइन पंपाच्या पुस्तिकांचं काम आलं. १,४०,००० रुपये. तालुक्याच्या दवाखान्यातली सिस्टर रात्रपाळीत जी पुस्तिका उघडून बघते ती तिला समजेल अशा मराठीत असावी, यासाठी मी हे काम करते. त्यामुळे ते घ्यायचं की नाही हा प्रश्न नव्हता. पण घेण्याआधी हिशेब मात्र केला.

जास्तीच्या प्रूफरीडिंगचे १०,००० वजा जाता काम १,३०,००० चं. एकूण उत्पन्न झालं १२,७७,०००. कर : २०,००० अधिक ४०,००० अधिक वरच्या ७७,००० वर १५ टक्क्यांनी ११,५५०, म्हणजे ७१,५५०. उपकर धरून ७४,४१२. एका कामाने कर शून्यावरून ७४,००० वर गेला.

हे टोक आहे आणि ज्यांचा पगार ९ ते १२ लाखांच्या मध्ये आहे त्या प्रत्येकाने ते नीट बघून घ्यावं. सरकारने इथे थोडी सवलत ठेवली आहे, तिला सीमांत सवलत म्हणतात. १२ लाखांच्या वर जितके रुपये गेले त्यापेक्षा जास्त कर, उपकर सोडून, लागत नाही. ही सवलत साधारण १२,७०,५८८ पर्यंत पुरते. त्याच्या पुढे नेहमीचे टप्पे. याचा दुसरा अर्थ असा की १२ लाख ते १२,७०,००० या पट्ट्यात कमावलेला प्रत्येक रुपया करात जातो, वर चार पैसे उपकर. आणि याच पट्ट्यात खऱ्या खर्चाचा प्रत्येक रुपया तितकाच वाचतोही.

माझा लॅपटॉप मोठी फाइल उघडली की तापून बंद पडत होता. नोव्हेंबरमध्ये ६८,००० चा नवा घेतला. लॅपटॉपची पूर्ण किंमत एका वर्षात खर्च म्हणून लिहिता येत नाही, घसारा, म्हणजे दरवर्षी किमतीचा ठरलेला भाग, लिहायचा. संगणकाला दर ४० टक्के, पण त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच, म्हणजे २० टक्के : १३,६००. सप्टेंबर संपायच्या आत घेतला असता तर २७,२०० मिळाले असते. तुम्हाला काही घ्यायचंच असेल तर हा फरक लक्षात ठेवा. मात्र नुसता कर वाचवायला ६८,००० घालवू नका, ६८,००० गेल्यावर वाचले ते साडेआठ हजारच.

आता एकूण १२,६३,४००. टप्प्यांनी कर ६९,५१० येतो, पण १२ लाखांच्या वर फक्त ६३,४०० आहेत, म्हणून सीमांत सवलतीने कर ६३,४००. उपकर २,५३६. एकूण ६५,९३६. त्या कामाचे निव्वळ १,३०,००० आले, कर जाऊन ६४,०६४ हाती राहिले. मी ते काम पुन्हा मिळालं तरी घेईन, पण कर किती बसणार याचा अंदाज मला ऑक्टोबरमध्येच आला होता, पुढच्या जुलैमध्ये रिटर्न भरताना नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

ज्यांचा पगारच १२ लाखांच्या बराच वर आहे त्यांना हे टोक लागत नाही. त्यांचं गणित सरळ आहे. तुम्ही ज्या टप्प्यात आहात तो दर उपकरासकट धरायचा : १५.६, २०.८, २६ किंवा ३१.२ टक्के. बाहेरच्या निव्वळ कमाईतला तेवढा भाग तुमचा नाही. ५० लाखांच्या वरच्यांना अधिभारही लागतो, पण ते बहुधा हे वाचत बसणार नाहीत.

भरायचं केव्हा आणि किती

एकूण करातून वर्षभरात कापला गेलेला आणि कापला जाणारा सगळा टीडीएस वजा करा. माझा : ६५,९३६ वजा ३४,००० (३,४०,००० च्या बिलांवर १० टक्के), उरले ३१,९३६. ही उरलेली रक्कम १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. हे आकडे चढते आहेत, म्हणजे सप्टेंबरचे ४५ मध्ये जूनचे १५ आलेच. निवृत्त शिक्षक शिकवणी घेतात, त्यांच्यासाठी एक सांगते : ६० वर्षांच्या पुढच्यांना आगाऊ करातून सूट आहे, पण ती धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच.

मी डिसेंबरच्या तारखेआधी २४,००० भरले आणि मार्चमध्ये ८,०००. जून आणि सप्टेंबरला काहीच भरलं नव्हतं, कारण तेव्हा ते काम डोळ्यासमोर नव्हतं. तरी २३४सी हे शेवटच्या उत्पन्नावरून मागे वळून बघतं. जूनच्या कमतरतेवर तीन महिन्यांचं ३ टक्के व्याज १४१ रुपये, सप्टेंबरचं ४२९. एकूण ५७०. दोन वर्षांपूर्वीचे २,८७४ कुठे आणि हे कुठे. धंद्याचं उत्पन्न आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालं असेल तर त्या वर्षी २३४सी मधून सुटका मिळू शकते, पण राहिलेल्या हप्त्यांत किंवा निदान ३१ मार्चपर्यंत कर भरलेला असेल तरच. मी पहिल्या वर्षी जुलैत भरला, म्हणून मला ती मिळाली नाही.

ते ५७० सुद्धा टाळता आले असते. त्यासाठी ऑफिसला सांगायचं. कलम १९२ खाली नोकरदार आपलं इतर उत्पन्न मालकाला लेखी कळवू शकतो, आणि मग पगाराचा विभाग त्या उत्पन्नाचाही कर पगारातून कापतो. दुसऱ्यांनी कापलेला टीडीएस कळवायला १२बीएए नावाचा फॉर्म ऑक्टोबर २०२४ पासून आलाय. यातली खुबी अशी की २३४सी मोजताना टीडीएस कुठल्या महिन्यात कापला हे बघत नाहीत, तो सरसकट वजा होतो. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत पगारातून कापून घेतलं तरी जूनच्या हप्त्याचं व्याज लागत नाही. हप्ते, चलन, तारखा काहीच सांभाळायला नको. अडचण एकच, ऑफिसला तुमचं बाहेरचं काम कळतं. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाला परवानगी आहे का, हे तसंही काम सुरू करण्याआधीच बघायला हवं. सरकारी नोकरीत तर परवानगीशिवाय पुढे जाऊच नका. मी माझ्या साहेबांना लेखी विचारून घेतलं होतं आणि यंदा पगारातूनच कापून घेणार आहे.

हप्ता भरायचा तर आयकराच्या पोर्टलवर ई-पे टॅक्स उघडा, पॅन टाका, आगाऊ कर म्हणजे कोड १०० निवडा. कोड ३०० हा स्वयंनिर्धारण कर, तो वर्ष संपल्यावर भरायचा. या पानावर वर्षाचा घोळ फार होतो. २०२५-२६ ची कमाई म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७. घाईत मागचं वर्ष निवडलं गेलं तर पैसे भलत्या वर्षात जमा होतात आणि दुरुस्तीची विनंती करत बसावं लागतं. चलन निघालं की त्यावरचं वर्ष वाचून मगच पैसे द्या. नव्या कायद्याने आर्थिक वर्ष आणि करनिर्धारण वर्ष ही जोडीच काढून टाकली आहे आणि एकच करवर्ष ठेवलंय, त्याचं मला मनापासून बरं वाटलं.

पैसे आणायचे कुठून? माझं दुसरं बचत खातं आहे, त्याचं कार्डच घेतलेलं नाही. बिलाचे पैसे आले की त्याच दिवशी बिलाच्या २० टक्के बाजूला पडायला हवेत. १० टक्के टीडीएस कापून आला असेल तर मी आणखी १० टक्के तिकडे वळवते. न कापता आले असतील तर पूर्ण २०. परदेशी एजन्सीकडून काम घेणाऱ्यांचा टीडीएस सहसा कापलाच जात नाही, त्यांनी हे विशेष पाळावं. छोट्या ग्राहकांचंही तसंच. व्यावसायिक शुल्कावर १९४जे खाली वर्षाला ५०,००० पर्यंत कापायची गरज नसते (मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ३०,००० होती), त्यामुळे पाच ठिकाणचे चाळीस-चाळीस हजार आले तर दोन लाख होतात आणि कापलेला कर शून्य असतो.

तुमचं काम कुठल्या खान्यात बसतं

मी खर्चाची एवढी बारीक नोंद ठेवते त्याचं कारण भाषांतर हे कलम ४४एडीए च्या यादीत नाही. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, सिनेकलावंत अशा ठरलेल्या व्यवसायांना ४४एडीए मध्ये एक सोपी वाट आहे : वर्षाची एकूण बिलं ५० लाखांपर्यंत असतील (रोखीत ५ टक्क्यांपेक्षा जास्त आलं नसेल तर ७५ लाख) तर त्यातली निम्मी रक्कम उत्पन्न धरायची. बाकी निम्मी खर्च मानली जाते, पावत्या दाखवायच्या नाहीत. प्रत्यक्ष नफा निम्म्याहून जास्त असेल तर तो जास्तीचा दाखवायचा. यांना चार हप्तेही नाहीत, सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम. भाषांतर, लेखन, शिकवणी करणारे अनेक जण स्वतःला या यादीत बसवून घेतात. आपलं काम यादीत बसतं की नाही हे सीएला एकदा विचारून घ्या. त्याची फी पुढच्या नोटिशीपेक्षा स्वस्त पडते.

ऑफिसातली माझी धाकटी मैत्रीण शनिवार-रविवार केक करून विकते. तिचा धंदा, म्हणून तिला ४४एडी. विक्रीच्या ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के, हे किमान उत्पन्न. तिची विक्री २,४०,०००, त्यातले ६०,००० रोख : किमान उत्पन्न १५,६०० निघतं. पण तिच्याच वहीप्रमाणे मैदा, लोणी, गॅस, खोकी सगळं जाऊन ७०,००० राहतात, म्हणून तिने ७०,००० दाखवले. मला ते पटलं. घरासाठी कर्ज काढायचं आहे तिला, आणि बँक रिटर्नवरचं उत्पन्न बघते. विमा एजंटांनी मात्र ४४एडी धरू नये, दलालीच्या उत्पन्नाला ते लागू नाही.

जुन्या करप्रणालीबद्दल एवढंच : घरकर्जाचं व्याज, घरभाडं भत्ता, ८०सी यांची बेरीज मोठी असेल तर दोन्ही प्रणालींनी मांडून बघा. पण नुसत्या पगारदारासारखं दरवर्षी इकडून तिकडे करता येत नाही. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असलं की जुनी प्रणाली निवडायला मुदतीत १०-आयईए फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा नव्या प्रणालीत परत आलात की ते उत्पन्न सुरू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. हे न कळता निवड करून बसलेली माणसं मला माहीत आहेत, त्यामुळे त्या पानावर घाई करू नका.

महाराष्ट्रातला व्यवसाय कर वेगळा. पगाराच्या स्लिपवर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० दिसतात ते हेच, वर्षाचे २,५००. राज्यघटनेनेच माणशी वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे, तेव्हा बाहेरच्या कामाचा दाखला काढायला गेलात तर पगारातून जातंय त्याचा पुरावा बरोबर न्या. जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, आणि त्या २० लाखांत पगार मोजत नाहीत.

मार्च संपल्यावर

जूनच्या मध्यापर्यंत थांबा, मग पोर्टलवरून २६एएस (तुमच्या नावाने जमा झालेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची सरकारकडची नोंद) उतरवून घ्या. तिथला प्रत्येक टीडीएस तुमच्या वहीतल्या रकान्याशी ओळीने जुळवा. गेल्या वर्षी एका एजन्सीचे ६,००० मला त्यात दिसेनात. बिलातून कापले होते, पण त्यांच्या विवरणात माझ्या पॅनचं एक अक्षर चुकलं होतं. मी बिल, बँकेची नोंद आणि पॅनची प्रत जोडून मेल केली, त्यांनी दुरुस्त विवरण भरलं आणि तीन आठवड्यांनी ते ६,००० दिसायला लागले. रिटर्न त्यानंतरच भरला. मार्चचं बिल एप्रिलमध्ये जमा होतं तेव्हाही असा फरक दिसतो. बिलाच्या तारखेने हिशेब ठेवायचा की पैसे हातात आल्यावर, हे पहिल्याच वर्षी ठरवा आणि दरवर्षी तेच पाळा.

प्रत्यक्ष खर्च वजा करणाऱ्यांना पगारासह आयटीआर-३ हा रिटर्नचा फॉर्म भरावा लागतो, ४४एडी किंवा ४४एडीए वाल्यांचं एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर सहसा आयटीआर-४ चालतो. आयटीआर-१ ची सवय असली तरी तो आता विसरा. भरल्यावर ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर भरलेला रिटर्न भरला असं धरलं जात नाही. मग वहीचं नवीन पान उघडून डावीकडे पुढच्या वर्षाचा पगार लिहायचा, आणि कॅलेंडरवर जूनचा पहिला गोल.